अमृतानुभवाची सत्तामीमांसा
अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरातीरीचे नेवासे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, तेथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीमुळे सर्वपरिचित असले, तरी ज्ञानदेवांनी ज्या ग्रंथात कोणावरही भाष्य न करता सत्तामीमांसा, म्हणजे ‘असणे’ या गोष्टीचाच मूलगामी विचार, स्वतंत्रपणे मांडला, तो ‘अमृतानुभव’ त्या कीर्तीमुळे मागे पडला. दहा प्रकरणांच्या, सुमारे आठशे ओव्यांच्या या ग्रंथातील सातवे आणि सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाचे असून, अज्ञान ज्ञानस्वरूप आत्म्यात राहू शकत नसेल आणि आत्म्याबाहेर दुसरे काही नसेल, तर ते राहणार कोठे, असा त्यातील युक्तिवादाचा रोख आहे. जगाला अज्ञानजन्य भास मानणाऱ्या मायावादाचा आधारच येथे काढून घेतला जातो आणि जग हा चिद्विलास, म्हणजे चैतन्याने स्वतःच धारण केलेले रूप, ठरतो. ग्रंथात शिवसूत्रांचा नामनिर्देश असल्याने काश्मीरी शैव विचाराशी त्याचे नाते जोडले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु अज्ञानापाठोपाठ आठव्या प्रकरणात अज्ञानसापेक्ष ज्ञानाचेही खंडन करण्याचे धैर्य ज्ञानदेवांचे स्वतःचे होय. भा. पं. बहिरट यांनी १९५६ मध्ये ज्ञानदेवांच्या तत्त्वज्ञानावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, तरीही अमृतानुभव बहुधा भक्तिवाङ्मय म्हणूनच वाचला जातो.