गानरा, गांद्रा आणि वांदर

इंग्रजीत नर हंसाला 'गँडर' म्हणतात. त्याचं मूळ शोधताना जुन्या इंग्रजीतली दोन रूपं शेजारी शेजारी सापडली: गानरा आणि गांद्रा. ती वाचली आणि कोकणातली आजी आठवली. कौलांवर धडधड झाली की ती परसातून ओरडायची, "वांदर इले रे!" पोथी वाचताना मात्र तिच्या तोंडी 'वानर'च असायचं.

वानराचा वांदर, गानराचा गांद्रा. दोन्हीकडे हा 'द' आला कुठून?

'न्' आणि लगेच 'र्' म्हणून पाहा. 'न्' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं आणि हवा नाकातून जाते. 'र्'साठी नाकाची वाट बंद व्हावी लागते आणि जीभही सुटावी लागते. नाकाची वाट क्षणभर आधी मिटली आणि जीभ जागीच राहिली, की मधे आपोआप 'द्' उमटतो. 'थंडर' असाच घडला. त्याचं जुनं रूप थुनोर. डचांनीही त्याचं 'डोंडर' केलं, जर्मनांचा 'डॉनर' मात्र 'द'शिवायच राहिला.

हंसाच्या मूळ शब्दाबद्दल फारसं भांडण नाही. जर्मन गान्स, स्वीडिश गोस, इंग्रजी गूस आणि आपला संस्कृतातून आलेला हंस, सगळे एकाच कुळातले. इंग्रजीनं अनुनासिक गाळलं. आपण दंताचा दात केला तसाच त्यांचा टूथ झाला, तिथेही 'न' गेला.

भांडण आहे ते नराच्या नावावर. लिथुआनियन भाषेत करकोच्याला 'गांद्रास' म्हणतात. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की 'द' मुळातलाच आहे आणि गांद्राचा हंसाशी संबंधच नाही, तो कुठल्यातरी लांब मानेच्या पक्ष्याचा वेगळा शब्द. मला हे पटत नाही. 'द' मुळातला असेल, तर 'गानरा' हे रूप आलं कुठून? 'द' गळाला म्हणावं, तर थुनोरची साक्ष नेमकी उलटी आहे. शिवाय लिथुआनियनमध्ये हंसाला 'झांसिस' म्हणतात. या मुळातला आरंभीचा वर्ण त्या भाषेत 'झ' होतो. म्हणजे 'ग'नं सुरू होणारा गांद्रास एकतर जर्मानिक शेजाऱ्यांकडून 'द'सकट उसना आलेला, नाहीतर निराळ्याच कुळातला. दोन्ही परींनी त्याची साक्ष गांद्राला लागू पडत नाही.

दुसरा साक्षीदार याहून वजनदार आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी स्वतः जर्मानियात लष्करी अधिकारी होता. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात त्याचा मृत्यू झाला. आपल्या निसर्ग-इतिहासात तो लिहितो, की तिथल्या लहान पांढऱ्या हंसांना 'गांताए' म्हणतात आणि त्यांच्या पिसांना रतलाला 5 डेनारी मिळतात. त्या पिसांपायी पहारा सोडून अख्ख्या तुकड्या शिकारीला धाडल्या जात, ही त्याची तक्रार. उशा भरायला हवी होती ना मऊ पिसं!

या गांताला 'स'ही नाही आणि 'र'ही नाही, आहे तो 'त'. जुन्या इंग्रजीतला समुद्रपक्षी 'गानोत', म्हणजे आजचा गॅनेट, याच घरचा. जुन्या जर्मनमधला नर हंस 'गानात्सो'ही याच घरचा, आणि आजचा जर्मन 'गांटर'ही. गांटरचं शेपूट बोक्याच्या 'काटर'वरून आलं असावं, असं मला वाटतं. म्हणजे गांटर आणि गँडर दिसायला जुळे असले, तरी एक 'त'च्या घरातला, दुसरा 'र'च्या. मूळ 'गान' एकच, प्रत्यय वेगळे. गांटरमधला 'ट' वारशानं आला, आणि गँडरमधला 'ड' जिभेनं वाटेत घडवला, आजीच्या वांदरासारखा.