नोंदवही एक, लेखनिक अनेक: संगणक-समूहांच्या फाइल प्रणालीचा इतिहास

१/ वडनेर भोलजीवरून जाणारा मुंबई–कोलकाता महामार्ग पूर्वेस नांदुरा, खामगाव ओलांडून अकोल्यास पोहोचतो. त्याच अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी १९४६ मध्ये विजय भटकर यांचा जन्म झाला. पुढे हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक भारतास देण्यास अमेरिकेने नकार दिला, तेव्हा स्वदेशी महासंगणकाची धुरा त्यांच्याकडे आली.

२/ १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. एकच अवाढव्य प्रोसेसर घडवण्याऐवजी इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे अनेक लहान ट्रान्सप्युटर एकत्र जोडून ही शक्ती मिळवली होती. अनेक लहान यंत्रांचा समूह करण्याचा हाच मार्ग पुढे जगभर रूढ झाला.

३/ या मार्गावर एक नवा प्रश्न उभा राहतो. गणित शेकडो यंत्रांत वाटता येते. पण साठवलेली माहिती सर्वांना एकच दिसली पाहिजे. १९९८ च्या ‘परम १००००’ साठी सी-डॅकने सी-पीएफएस ही समांतर फाइल प्रणाली रचली. मात्र त्या यंत्राची सोलारिस ही कार्यप्रणाली सन कंपनीची होती आणि तिचा सोर्स कोड तेव्हा खुला नव्हता.

४/ अडचण नेमकी कोणती? तलाठी कार्यालयात फेरफाराची एकच नोंदवही आहे आणि दोन लेखनिक एकाच वेळी एकाच पानावर लिहीत आहेत, अशी कल्पना करा. दोघांचेही अक्षर शुद्ध, तरीही पान बिघडते. साधी फाइल प्रणाली ‘लेखनिक एकच’ असे गृहीत धरते. तीच डिस्क दोन संगणकांना जोडली, तर काही क्षणांत माहितीचा नाश होतो.

५/ पहिला उपाय म्हणजे कुलूप. लिहिण्यापूर्वी प्रत्येक यंत्राने त्या भागाचे कुलूप मागायचे. ते मिळेपर्यंत थांबायचे. दुसऱ्यास कुलूप देण्यापूर्वी आपल्या स्मृतीतील बदल डिस्कवर उतरवायचे. हा सारा व्यवहार नेटवर्कवरून चालत असल्याने वेग आणि अचूकता यांची ओढाताण येथे अटळ असते.

६/ खरी कसोटी कुलूप हाती असलेले यंत्र गप्प झाले की लागते. ते बंद पडले, की केवळ रेंगाळले? रेंगाळलेले यंत्र अचानक जागे होऊन जुनाच मजकूर लिहू शकते. म्हणून समूह त्याला कुंपणाबाहेर काढतो: डिस्कशी त्याचा संबंध तोडतो किंवा थेट वीज खंडित करतो. मगच त्याची अपुरी कामे रोजनिशीवरून मार्गी लावली जातात.

७/ हे सारे लिनक्ससाठी घडवणाऱ्या आरंभीच्या प्रकल्पांत मिनेसोटा विद्यापीठाची जीएफएस, म्हणजे ग्लोबल फाइल सिस्टीम, येते. १९९० च्या दशकात मॅथ्यू ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रथम सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्सवर विकसित केली आणि नंतर लिनक्सवर आणली. जीपीएल परवान्यामुळे तिचा कोड कोणासही वाचता व बदलता येत होता.

८/ या कामातून सिस्टिना ही कंपनी निघाली आणि २००१ मध्ये तिने पुढील आवृत्त्यांचा परवाना बंदिस्त केला. पण कोडच्या मालकाला केवळ पुढची दारे लावता येतात. एकदा खुलेपणाने दिलेला कोड परत घेता येत नाही. शेवटची मुक्त आवृत्ती हाती धरून स्वयंसेवकांनी ओपनजीएफएस सुरू केला.

९/ डिसेंबर २००३ मध्ये रेड हॅटने सिस्टिना विकत घेतली आणि २००४ मध्ये जीएफएस पुन्हा जीपीएलखाली आणली. २००६ हे वर्ष निर्णायक ठरले: ओरॅकलची ओसीएफएस२ लिनक्स २.६.१६ मध्ये, तर जीएफएस२ ही २.६.१९ मध्ये कर्नलचा अधिकृत भाग झाली.

१०/ महासंगणकांसाठी दुसरी वाट पीटर ब्राम यांनी काढली. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी लस्टर सुरू केली. फाइलचे नाव, मालक, जागा यांच्या नोंदी एका सर्व्हरकडे. प्रत्यक्ष मजकूर तुकड्यांनी अनेक सर्व्हरकडे. डिसेंबर २००३ मध्ये आवृत्ती १.० आली. तीही जीपीएलखालीच.

११/ २००७ मध्ये लस्टर सनकडे गेली. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली आणि वर्ष संपता संपता ओरॅकलने लस्टरचा पुढील विकास थांबवला. चार वर्षांपूर्वी लिनक्सला ओसीएफएस२ देणारी हीच कंपनी. तोवर जगातील कितीतरी मोठ्या महासंगणकांची माहिती लस्टरवर विसंबलेली होती.

१२/ बंदिस्त कोड असता तर प्रवास बहुधा येथेच संपला असता. परंतु त्याच वर्षी व्हॅमक्लाउड ही कंपनी आणि ओपनएसएफएस ही वापरकर्त्यांची संघटना उभी राहिली. अभियंते नव्या दारात गेले. कोड त्यांच्याबरोबर गेला. व्हॅमक्लाउड २०१२ मध्ये इंटेलने घेतली आणि २०१८ मध्ये लस्टरचे काम डीडीएनकडे आले. मालक बदलत राहिले, काम थांबले नाही.

१३/ २०१५ मध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन सुरू झाले. २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ कार्यान्वित झाला. या मालिकेतील यंत्रे लिनक्सवर चालतात आणि त्यांच्या साठवणीत लस्टरचा वापर होतो. ज्या शहरात नाकारलेल्या यंत्राला पर्याय घडला, त्याच शहरात आता असा कोड चालतो, ज्याची प्रत कोणताही मालक परत मागू शकत नाही.

१४/ यंत्राची निर्यात रोखता येते, कंपनी विकत घेता येते, प्रकल्प गुंडाळता येतो. १९८० च्या दशकातील नकाराने स्वतःचे यंत्र असण्याची गरज शिकवली. २००१ आणि २०१० या वर्षांनी पुढचा धडा दिला: सामायिक नोंदवही सुरक्षित राहायची असेल, तर ती राखण्याचे नियमही सामायिक मालकीचे असावे लागतात.