असामी : माणूस आणि जागा

मराठी दप्तरांत वारंवार आढळणारा ‘असामी’ हा शब्द मूळचा अरबी. नाव या अर्थाच्या ‘इस्म’ शब्दाचे ते एक बहुवचनी रूप होय. मराठीत मात्र त्याला दोन अर्थ चिकटले. असामी म्हणजे व्यक्ती आणि असामी म्हणजे व्यक्तीने भरावयाची जागा. ‘असामी ५०’ असा आकडा एकट्याने वाचला, तर तो हजर माणसांचा की मंजूर जागांचा, हे शब्दावरून ठरत नाही. तो आकडा कोणत्या कागदावर आहे, हे पाहावे लागते. हा केवळ कोशकाराचा प्रश्न नाही. नियोजित जागा आणि प्रत्यक्ष माणूस यांचा मेळ कसा घालावा, या राज्यकारभारातील जुन्या अडचणीचे ते भाषेत उमटलेले प्रतिबिंब आहे. त्या अडचणीचे काही टप्पे येथे पाहावयाचे आहेत.

मोगल मनसबदारीत मनसबदाराचा दर्जा ‘जात’ या अंकाने आणि त्याने बाळगावयाचे घोडदळ ‘सवार’ या अंकाने दर्शविले जाई. सवार हा अंक म्हणजे योजना. छावणीतील स्वार म्हणजे वस्तुस्थिती. दोहोंत अंतर पडण्यास वेळ लागला नाही. बदायुनीने तक्रार केली आहे की, अमीर आपल्याच नोकरांना शिपायांचा वेष देऊन हजिरीस उभे करीत. संख्या जुळे, फौज मात्र नसे. यावर उपाय म्हणून अकबराने १५७३-७४ च्या सुमारास घोड्यांना डाग देण्याची पद्धत कडकपणे अमलात आणली, आणि स्वाराचा ‘चेहरा’ लिहून घेण्याची शिस्त बसविली. चेहऱ्यात नाव, बापाचे नाव, जात, ठिकाण, वर्ण आणि शरीरावरील खुणा नोंदवीत. केवळ नाव आणि संख्या यांवर विसंबून चालत नाही, हे त्या कारभाराने अनुभवाने जाणले होते.

शाहजहानच्या काळी निराळा मार्ग निघाला. मनसबदाराची जहागीर व नेमणूक एकाच सुभ्यात असेल, तर त्याने सवार-अंकाच्या एक-तृतीयांश स्वार दाखवावे. नेमणूक अन्यत्र असल्यास एक-चतुर्थांश. बल्ख-बदख्शाँच्या मोहिमेत एक-पंचमांश. म्हणजे कागदावर ३००० सवार असले, तरी अपेक्षा अनुक्रमे १०००, ७५० व ६०० स्वारांची. योजना व वस्तुस्थिती यांतील तफावत मिटली नाही. तिला नियमाचे रूप मिळाले, आणि त्यामुळे ती निदान मोजता येऊ लागली.

मराठी राज्यात जागेची रचना अधिक काटेकोर दिसते. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीत पागेची बांधणी सांगितली आहे. पंचवीस बारगिरांस एक हवालदार, पाच हवालदारांस एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. येथे पखालजीचे नाव सांगितलेले नाही, सांगितली आहे ती त्याची जागा. माणूस गेला तरी जागा राहते, आणि नव्या माणसाने त्याच जागी यावयाचे असते. पुढे पेशवाईत ‘तैनातजाबता’ हा जागा व वेतन ठरविणारा कागद आणि ‘हजिरी’ हा प्रत्यक्ष माणसांचा कागद, असे दोन भिन्न कागद दिसतात. किल्ल्यावरील हजिरी व हिशेब सबनिसाकडे असत. दोन कागद समोरासमोर ठेवून फरक काढणे, हे या कारभाराचे मर्म म्हणावयास हरकत नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे पाणिनीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्याच्या जागी दुसरे येते तो स्थानी, आणि येतो तो आदेश. आदेशास स्थानीचे धर्म बहुतांशी प्राप्त होतात. लोप झालेला प्रत्यय दिसत नाही, तरी त्याचे कार्य होते. रिक्त पदाचेही तसेच आहे. तेथे कोणी नाही, परंतु त्याचे वेतन अंदाजपत्रकात आहे. पद आणि रिक्तता हे भिन्न पदार्थ आहेत, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने आर. के. सभरवाल विरुद्ध पंजाब राज्य या १९९५ च्या निर्णयात निर्णायक मानला. आरक्षणाचे प्रमाण संवर्गातील पदांवर मोजावयाचे, त्या त्या वेळी रिक्त झालेल्या जागांवर नव्हे, असे त्यात ठरले. एका शब्दाच्या अर्थनिश्चितीवर अनेकांचे हक्क अवलंबून होते.

आजच्या मनुष्यबळ-नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच जुना प्रसंग नव्याने उभा राहतो. योजनेत ‘भरावयाचे पद’ म्हणून एक ओळ असते. तिच्यात पदनाम, विभाग, रुजू होण्याचा अपेक्षित महिना आणि खर्च नोंदलेला असतो. माणूस रुजू झाला की त्याची नोंद दुसऱ्याच प्रणालीतून, नव्या क्रमांकाने येते. दोन्ही ओळी जोडल्या गेल्या नाहीत, तर एकाच जागेचा खर्च दोनदा धरला जातो. चुकीच्या जोडल्या गेल्या, तर भरलेली जागा रिक्त आणि रिक्त जागा भरलेली दिसते. प्रस्तुत लेखकाने एका आस्थापनेत असे पाहिले आहे. नव्या सहकाऱ्याच्या आडनावाचे रोमन लेखन दोन नोंदींत दोन प्रकारचे होते. प्रणालीने त्याला जागेवर बसविलेच नाही. तो जादा ठरला, आणि काही महिने त्याचे वेतन अडले. तो रोज वर्गावर जात होता, हे कोणत्याही तक्त्यात नव्हते.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो साधा आहे. नाव ही ओळखीची सर्वांत दुबळी खूण होय. ते लिपीगणिक बदलते. पदनामही पुरेसे नाही, कारण एका पदनामाच्या अनेक जागा असतात. म्हणून प्रत्येक जागेस स्वतःचा स्थिर क्रमांक हवा, आणि माणसाच्या नोंदीत तो नेमणुकीच्या क्षणीच लिहिला गेला पाहिजे. विभाग व रुजू होण्याची तारीख यांनी त्याची पडताळणी करावी. तरीही जे उरेल, ते यंत्राने अंदाजाने न जुळविता माणसापुढे ठेवावे. सबनिसाचे काम यंत्राकडे गेले, तरी फरक दिसताच ‘हा माणूस कोण?’ असे विचारण्याची त्याची जबाबदारी कोणाकडे तरी राहिलीच पाहिजे. असामी या शब्दाचे दोन अर्थ भाषेने एकत्र नांदविले. कारभाराने मात्र ते वेगळे ओळखून मगच जोडावयाचे असतात.