लिनक्स सर्व्हर : सुरू करणे आणि सुरू राखणे

लिनक्स सर्व्हरवर संकेतस्थळ, ई-मेल, डेटाबेस यांच्या सेवा पडद्याआड अखंड चालू असतात. या प्रोग्रामना ‘डीमन’ म्हणतात. बहुतेक प्रमुख लिनक्स आवृत्त्यांत त्यांचे व्यवस्थापन २०१० मध्ये जाहीर झालेली ‘सिस्टमडी’ ही प्रणाली करते. फेडोराने २०११ मध्ये, तर डेबियनने २०१५ मध्ये तिचा मूळ प्रणाली म्हणून अवलंब केला. ‘सिस्टमसीटीएल’ या आज्ञेला ‘स्टेटस’ जोडल्यास सेवेची स्थिती कळते. बिघाडाचा माग ‘जर्नलसीटीएल’ने दिसणाऱ्या नोंदींत काढता येतो. ‘स्टार्ट’ने सेवा तत्काळ सुरू होते, मात्र केवळ त्या वेळेपुरती. सर्व्हर पुन्हा सुरू होताना ती आपोआप चालू व्हावी, यासाठी ‘एनेबल’ ही स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. ती राहून गेल्यास चूक महिनोन् महिने लक्षात येत नाही. एके रात्री वीज जाऊन येते, सर्व्हर सुरू होतो. संकेतस्थळ मात्र बंदच राहते.