कौलापासून करसवलतीपर्यंत

१६१० च्या सुमारास मलिक अंबराने खडकीस राजधानी वसविली. तेच आपले हे शहर. पुढे मोगली अमदानीत बेगमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा असे पुरे येथे उभे राहिले. परंतु तट आणि दरवाजे बांधल्याने गाव वसत नाही. गाव वसते ते माणसांनी. आणि परक्या जागी पहिले घर घालणाऱ्यास सुरुवातीची वर्षे फार जड जातात.

हे ओळखून मराठेशाहीत नवी पेठ वसविताना सरकार कौल देई. कौल म्हणजे अभयवचन : या, घर बांधा, दुकान मांडा, इतकी वर्षे कर माफ. मोहतर्फ्यासारखा कर लहान कारागिरासही द्यावा लागे. म्हणून त्याची माफी त्याच्याही पदरात पडे.

पहिल्या घरास सवलत देण्याचे हेच तत्त्व आपल्या काळी आयकरात आले. २०१३ साली पहिले घर घेणाऱ्यास कर्जाच्या व्याजापोटी एक लाखाची जादा वजावट मिळाली. २०१६ च्या अर्थसंकल्पाने पन्नास हजारांची दिली. अट अशी की कर्ज पस्तीस लाखांपर्यंत व घर पन्नास लाखांपर्यंतचे असावे. २०१९ साली दीड लाखाची आली आणि मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांस लागू राहिली.

आता ही वजावट कशी चालते ते पाहू. वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. पन्नास हजार वजा झाले, तर शेकडा तीस कर भरणाऱ्याचे पंधरा हजार वाचतात. शेकडा दहा भरणाऱ्याचे पाच हजार. ज्याचे उत्पन्न करास पात्रच नाही, त्याचे काहीच वाचत नाही. त्यातही ही जादा वजावट दोन लाखांच्या नेहमीच्या मर्यादेवरील व्याजासच लागू. एवढे व्याज फेडणारा गरीब कोठून असणार?

अमेरिकेने मंदीत निराळी वाट धरली. २००८ साली पहिल्या घरासाठी थेट करातून साडेसात हजार डॉलरपर्यंत सूट दिली. पण ती पंधरा वर्षांत परत फेडायची होती. २००९ साली आठ हजारांपर्यंतची सूट परतफेडीवाचून दिली, आणि ती करापेक्षा अधिक भरली तर उरलेली रक्कम हाती पडे. आपल्याकडे २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत अल्प उत्पन्न गटाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज-अनुदान मिळाले. कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे, ही अट. अनुदान थेट कर्जखात्यात जमा होई. कौलाशी याचे नाते अधिक जवळचे, असे आम्हांस वाटते.

आज औद्योगिक वसाहतीतील कामगार या शहरात पहिल्या घराचा हिशोब मांडीत असेल. सवलत जाहीर झाली की आपण रकमेचा आकडा पाहतो. आम्ही म्हणू, प्रथम हे विचारावे : ज्याला घर नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचते काय?