जपानी घरातील करी

परदेशी पदार्थ घरी करून पाहणे ही बहुधा एखाद्या दिवसाची हौस ठरते. जपानमध्ये मात्र 'कारे राइसु', म्हणजे भातावर वाढलेली दाट करी, शंभर वर्षांच्या आत घराघरांतील नित्याचे जेवण झाली, आणि तीही थेट भारताकडून नव्हे, तर इंग्रजांच्या मार्फत तेथे पोहोचली.

मांस घातलेली ही करी रुजण्याआड आधी जुनी बंधने होती. सम्राट तेम्मू यांनी इ.स. 675 मध्ये काही प्राण्यांच्या मांसावर निर्बंध घातले होते व पुढे बौद्ध आचारामुळे मांसाहाराविषयी संकोच दृढ झाला होता. तो मोडावा म्हणून 1872 च्या आरंभी सम्राट मेइजी यांनी स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर करण्यात आले. त्याच वर्षी पाश्चात्त्य पाककृतींची दोन जपानी पुस्तके निघाली आणि दोहोंत करी होती. त्यांपैकी 'सेइयो र्‍योरी शिनान' या पुस्तकातील कृतीप्रमाणे लांब पातीचा कांदा, आले व लसूण बारीक चिरून लोण्यात परतायचे, पाणी घालून त्यात कोंबडी, कोळंबी, मासे, कालवे आणि चक्क बेडूक शिजवायचा, मग लहान चमचाभर करी पावडर घालून तासभर मंद आंचेवर ठेवायचे व शेवटी मैदा पाण्यात कालवून लावायचा. या कृतीतील बेडकाचीच चर्चा अधिक होते, परंतु इतिहासाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा आहे तो मैदा. कारण बेडूक लवकरच गळला, मैद्याचा दाटपणा मात्र जपानी करीची ओळख होऊन राहिला.

सैन्यात हा पदार्थ शिकलेल्या जवानांनी तो गावोगावी नेला. पॉलिश केलेल्या तांदळावरच भिस्त असल्याने नौदलात बेरीबेरीची साथ असे. डॉक्टर ताकागी कानेहिरो यांनी 1880 च्या दशकात आहार बदलून ती आटोक्यात आणली. या बदललेल्या, पाश्चात्त्य वळणाच्या आहारात करीही आली. नौदलाच्या 1908 च्या स्वयंपाक-पुस्तिकेत करीभाताची कृती आहे आणि तीत बटाटा, गाजर व कांदा हे त्रिकूट दिसते, जे आजही बहुतेक घरांच्या पातेल्यात असते.

अस्सल भारतीय करीही जपानला ठाऊक झाली होती. 1915 मध्ये तेथे आश्रयाला गेलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी टोकियोतील नाकामुराया या सासुरवाडीच्या दुकानात 1927 पासून ती सुरू करवली. पण ती उपाहारगृहातच राहिली, घरात इंग्रजी वळणाचीच टिकली.

त्याचे कारण चवीइतकेच श्रमांतही शोधावे लागते. मैदा लोणी किंवा चरबीत परतून केलेल्या मिश्रणाला 'रू' म्हणतात; तो करपू न देता, गुठळ्या न होऊ देता खमंग भाजणे हे वेळखाऊ आणि कौशल्याचे काम होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मैदा, चरबी व मसाला एकत्र भाजून थिजवलेल्या वड्या बाजारात आल्या आणि ते काम कारखान्याने उचलले. भाज्या व मांस शिजले की आंच बंद करायची, चॉकलेटसारखी वडी खाचांवर मोडून टाकायची, ती विरघळली की पुन्हा मंद आंचेवर ढवळायचे, एवढेच गृहिणीकडे उरले. तिखटामुळे मुलांसाठी वेगळे काही रांधण्याची अडचणही 1963 मध्ये सफरचंद व मध घातलेल्या 'व्हर्मांट करी'ने दूर केली, आणि लहानथोर एकाच पातेल्यातून जेवू लागले.