शेजाऱ्याचा हक्क आणि भाचीची सतार

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. दुपारी दोनच्या सुमारास आमच्या शहापूरच्या फ्लॅटचे दार वाजले. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे होते. कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले, डोळे तांबारलेले. "सर, पोरगी छान वाजवते, पण मला दिवसाच झोपावं लागतं हो," एवढेच बोलून ते जिना उतरून गेले. माझी भाची तेरा वर्षांची. शाळेसाठी मुरबाडहून आमच्याकडे राहायला आलेली, रविवारी कल्याणला सतार शिकायला जाणारी. तिने काही न बोलता सतार गवसणीत घातली. अम्मी मात्र बोलली. "मी आधीच सांगत होते, आपल्या घरात हे नको. आता शेजारीपाजारीही बोलू लागले."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. साहजिकच मनात आले, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कलावंतांनी पूर्वी काय केले असेल?

मुरबाडच्या आजोळी हा प्रश्नच नव्हता. म्हसा येथील जत्रेतून आणलेला बेंजो मामू अंगणात बसून वाजवायचे. दोन घरांमध्ये अंगण, परसू आणि चिंचेचे झाड होते. आता तानसा-भातसाचे पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला जाते आणि मुंबईच्या इमारती आमच्याकडे येतात. आसनगाव स्टेशनच्या आसपास एकाचे छत ती दुसऱ्याची जमीन झाली आहे.

पण गर्दी संगीताला नवी नाही. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर ही घराण्यांची नावे राजेरजवाड्यांच्या शहरांवरून पडली. मुंबईतील एका घराण्याला मात्र चक्क बाजाराचे नाव मिळाले. छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे मुरादाबादकडचे तीन भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भेंडीबाजारात येऊन राहिले आणि भेंडीबाजार घराणे उभे राहिले. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांकडे शिकल्या. छज्जू खाँसाहेबांचे चिरंजीव अमान अली खाँ यांनी ही गायकी पुढे नेली. दाटीवाटीची वस्ती आणि रियाज यांचे वैर असते, तर हे घराणे जन्मालाच आले नसते.

ज्यांचे वाद्यच मोठ्या आवाजाचे, त्यांनी जागा बदलली. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा रियाज बनारसच्या गंगाघाटावरील बालाजी मंदिरात चाले. शहनाईला समोर नदीचे मोकळे पात्र मिळाले. न्यूयॉर्कचे सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांची हकीकत तर आमच्यासारखीच आहे. त्यांच्या इमारतीत शेजारी एक गरोदर बाई राहत होती. तिला त्रास नको म्हणून १९५९ ते १९६१ या काळात ते वाद्य घेऊन विल्यम्सबर्ग पुलावर जात आणि तासन्‌तास वाजवीत. १९६२ साली आलेल्या आपल्या ध्वनिमुद्रिकेला त्यांनी 'द ब्रिज' हेच नाव दिले.

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांची मुलगी रोशनआरा, म्हणजेच अन्नपूर्णादेवी. त्यांनी जाहीर मैफली सोडल्या आणि १३ ऑक्टोबर २०१८ रोजी निधन होईपर्यंतचा दीर्घ काळ मुंबईत फ्लॅटमध्ये काढला. वॉर्डन रोडवरील 'आकाशगंगा' इमारतीत बंद दाराआड, रात्री उशिरा त्यांचा सूरबहारचा रियाज चाले. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे शिष्य त्यांनी घडवले. त्यांची थोरली बहीण जहाँआरा हिलाही बाबांनी संगीत शिकवले होते. पण असे सांगतात, की सासरच्यांना ते खपले नाही आणि त्यांनी तिचा तंबोरा जाळला. त्या धक्क्याने बाबांनी धाकटीला शिकवायचे नाही असे ठरवले होते. एक दिवस भाऊ अली अकबर यांची चूक ती गाऊन दुरुस्त करीत असताना बाबांनी ऐकले आणि विचार बदलला.

या दोन बहिणींची गोष्ट वाचताना माझी मलाच लाज वाटली. शेजाऱ्यांचा मान राखणाऱ्यांनी वेळ बदलली, जागा बदलली, पण रियाज चालू ठेवला. जहाँआराचा तंबोरा शेजाऱ्यांनी जाळला नव्हता, तो घरच्यांनी जाळला. आमच्या घरीही खालच्या गृहस्थांनी फक्त झोप मागितली होती. सतार बंद करण्याची मागणी घरातली होती. शेजाऱ्याचे निमित्त मिळाले, इतकेच.

कायदा पाहावा, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. पण ज्याची रात्र दुपारी असते, त्याचे काय? त्यासाठी जिना उतरून विचारावे लागते. मी उतरलो. त्यांची कंपनीची बस सायंकाळी साडेसातला निघते, रविवारी सुट्टी. ठरले, रोज आठ ते नऊ.

सतारीचा आवाज तारेपेक्षा भोपळ्यामुळे आणि तबलीमुळे मोठा होतो. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हाच आवाज घडवत आले आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा वाद्याची कंपने थेट फरशीत उतरू नयेत म्हणून भाची आता जाड गोधडीवर बसते. परीक्षेच्या दिवसांत दुपारी बोटे फिरवायची असली, तर घोडीजवळ तारांखाली सुती कापड सरकवते आणि नखी काढून ठेवते. सूर दबतो, पण बोटांचा सराव होतो.

अम्मीचे मत बदललेले नाही. आठ वाजले की ती तसबीह घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. तिच्या मताचा मी आदर करतो. तेवढा तिचा हक्क आहे. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला लहानपणापासून शिकवला जातो आणि तो पाळलाच पाहिजे. पण त्या हक्काच्या आडून घरातल्या मुलीचा हक्क बुडवला जात नाही ना, हे आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारावे.